खडकाखालून दिलेली ओ

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळसुद्धा नाही — आणि तिच्याजवळ मी बाकी सगळं बोलत असे, बदलीची भीती, पोटदुखी, साहेबांच्या तपासणीत मारलेल्या थापा, सगळं. ती गेली तेव्हा दुःखाच्या तळाशी कुठेतरी मला बारीकशी सुटका वाटली, की आता माझा चेहरा वाचून ‘काय झालं?’ विचारणारं कुणी उरलं नाही. बघा, सुरुवातीलाच एक कबुली होऊन गेली, आणि जी करायची आहे ती ही नव्हे.

तुम्ही मला ओळखत असाल तर टवाळ म्हणून ओळखत असाल. व्यासपीठावर चढणाऱ्याचं धोतर खिळ्याला कुठे अडकलंय, ते मला इतरांच्या आधी दिसतं. वाचन बरं होतं, भुताखेतांवर विश्वास नव्हता, आणि या दोन्हींचा थोडा जास्तच अभिमान होता. हे आधी सांगतो — का? तर पुढे जे केलं ते एखाद्या भोळ्या माणसाच्या हातून झालं, असं तुम्हाला वाटू नये.

तारापूरला विजेचं मोठं काम सुरू झालं, त्या वर्षांतली गोष्ट. घिवलीपासून किनाऱ्याने पाऊण तास चाललं की मासेमार मांगेल्यांची एक वस्ती लागे. तिचं नाव लिहीत नाही. चाळीसेक घरं, तेवढ्याच होड्या आणि एक शाळा. शाळेत एक मास्तर — मी. मी देशावरचा, समुद्र मी तिथे गेल्यावरच पहिल्यांदा पाहिला, आणि मला तो फारसा आवडला नाही. सारखा काहीतरी बोलायला जातो आणि बोलत नाही, असं मला त्याच्याबद्दल वाटे.

वस्तीच्या उत्तरेला पाण्यात शिरलेला एक काळा, सपाट खडक होता. त्याला बायांचा खडक म्हणत. पुरुष तिथे जात नसत. जाळी वाळत घालायलाही नाही, लघवीलाही नाही. का, ते आधी सांगायला हवं, नाहीतर माझा गुन्हा तुम्हाला पोरखेळ वाटेल.

तिथल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. ते तर सगळीकडेच होतं म्हणा. लग्नात एकदा उखाण्यात, लाजत, काहीतरी जुळवून घ्यायचं आणि मग जन्मभर ‘आवो’ नाहीतर ‘ऐकला का’. पण ज्या बाईचा माणूस समुद्रावरून परत आला नाही, तिला ते नाव आणखी एकदा घ्यायचा हक्क होता. अमावास्येला सूर्य बुडतो तेव्हा तिथे पूर्ण ओहोटी असते. खडक मुळापर्यंत उघडा पडतो. त्या वेळी बाकीच्या बायांना घेऊन तिने त्या खडकाच्या टोकाशी जायचं आणि नवऱ्याला नावाने हाक मारायची. तीन वेळा. उखाणा नाही, आडपडदा नाही, नुसतं नाव. मग सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. ओ आली नाही की त्यांच्यातली थोरली बाई म्हणे, “गेला.” तेवढंच. मग सगळ्या वळत आणि मागे न बघता घरी येत. घरी आल्यावर ती बाई आपल्या हाताने बांगड्या उतरवी.

त्याआधी नाही. वर्ष जावो, पाच वर्षं जावोत — हाक मारेपर्यंत ती सवाशीण. सासरा, दीर, जातीतले पाच जण, कुणीही तिला ‘आता मार हाक’ म्हणू शकत नसे. कुणाची होडी कधी सुटायची, कुणाची पोर कुठे द्यायची, सगळं पुरुष ठरवत. ही एक गोष्ट बायांची होती. मला ती पहिल्यांदा कळली तेव्हा, माझ्यासारख्या टवाळालाही, थट्टा सुचली नाही.

आणि ओ आली तर? हे मी थोरल्या बाईला, धर्मीबायला, एकदा विचारलं होतं. सत्तरीची बाई, दात नाहीत, पण शब्द चावून बोलणारी. ती म्हणाली, “आजपातूर आली नाय. आली तर तो वाटंत हाय. मंग बायनं वाट बघायची. दुसऱ्यांदा हाक नाय.”

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

विजेच्या कामामुळे बोईसरच्या बाजूला माणसं येऊ लागली — कुठकुठल्या प्रांतांतली, थोडी समुद्रापारचीही. रविवारी त्यांना वेळ घालवायला किनारा लागे. पहिल्यांदा आले ते चार-पाच साहेब, योगायोगाने अमावास्येला. लांबून त्यांनी एका म्हातारीची हाक ऐकली. पुढच्या महिन्यात दोन जीपगाड्या आल्या. पावसाळा संपेतो मुंबईहून गाड्या येऊ लागल्या. आमच्या वस्तीत बघण्यासारखं काही आहे, ही बातमी आम्हाला बाहेरच्यांकडून कळली.

त्याचा आनंद झाला — खोटं कशाला सांगू? सगळ्यांना झाला. ज्यांच्या अंगाच्या वासावरून मनोरच्या बाजारात लोक नाकाला पदर लावत, त्यांच्या दारात गाड्या थांबत होत्या. मग रीतसर एक मंडळ निघालं. अध्यक्ष झाले तात्या, वस्तीमागच्या चिकूच्या वाडीचे मालक. त्यांना होडीत पाय ठेवला की उलटी होई, पण ‘आपली सागरी संस्कृती’ या विषयावर ते न थांबता बोलू शकत. कमान उभी राहिली. खुर्च्या आल्या. पाहुण्यांना वास येतो म्हणून किनाऱ्यावरच्या बोंबील वाळवायच्या वलांड्या उखडून पार खाडीकडे नेल्या, आणि बायांना ओली मासळी डोक्यावर घेऊन तेवढं लांब चालावं लागू लागलं. मंडळात एकही बाई नव्हती. या सगळ्यावर मी मनातल्या मनात फार मार्मिक बोलत असे. आणि मंडळाचा चिटणीस कोण होता? मी.

पालघरच्या छापखान्यातून आम्ही एक पत्रक छापून आणलं. मजकूर माझा. हाकेची सगळी हकीकत मी बरी लिहिली होती, पण शेवट मला पडेल वाटला. तीन हाका आणि मग काहीच नाही — याला काय शेवट म्हणायचं? म्हणून मी एक ओळ घातली: ‘आणि कधी कधी, जुनी माणसं सांगतात, समुद्र ओ देतो.’ कुठल्या जुन्या माणसांनी सांगितलं होतं? कुणीच नाही. मला ओळ आवडली, एवढंच.

तात्यांना आता दर रविवारी हाक हवी होती. रोज रोज विधवा कुठून आणणार? मग त्यांनी चार तरुण बायांना तयार केलं. कुणाचंच नसलेलं एक बनावट नाव घेऊन त्यांनी खडकावरून ओरडायचं. समुद्राला रविवार ठाऊक नव्हता. कधी भरती असे, त्या गुडघाभर पाण्यात उभ्या राहून हसू दाबत ओरडत. धर्मीबाय खडकाकडे पाठ करून बसे. मला म्हणाली, “मास्तर, तुमी शिकवता ना पोरांना? मंग ह्ये काय? आमी मेलेल्याला बोलवत नाय. आमी त्याला सोडतो.”

मी म्हणालो, “धर्मीबाय, लोकांना कळू दे की आपल्यात काय आहे.”

“आपल्यात?” ती म्हणाली. “तुमी कदी आलात आपल्यात?”

पाहुणे मात्र नाराज होऊ लागले. पत्रक हातात धरून विचारत — ओ कधी येते? एक बाई तर भाजी निवडताना विचारावं तसं म्हणाल्या, “म्हणजे पुढे काही होतच नाही का?” मला तो माझ्या लेखनाचा अपमान वाटला. हसू नका. हसा, खरं तर.

आता जानकी. तिच्यापर्यंत यायला मी इतकी पानं घेतली हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

जानकी पंचविशीची असेल. तिचा नवरा काशिनाथ दीड वर्षामागे आश्विनातल्या वादळात गेला. होडी नाही, फळी नाही, काही मिळालं नाही. मूल नव्हतं. ती सुकी मासळी घेऊन आठवड्याला मनोरच्या बाजाराला जाई. तिथे मिरची-मसाला विकणारा एक विधुर होता, दामू म्हणून, त्याने तिला विचारलं होतं. त्यांच्यात पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, लागत असे, त्यात वावगं काही नव्हतं. पण आधी हाक मारायला हवी होती. ती दीड वर्ष थांबली होती, आणि मग एक दिवस तिने धर्मीबायला सांगितलं, येत्या अमावास्येला मी मारीन.

धर्मीबाय माझ्याकडे आली. शाळेच्या पायरीवर बसली नाही, उभीच राहिली. “ही खरी हाक हाय, मास्तर. त्या दिवशी तुमची गाड्याघोड्यांची मानसं नको.”

मी शब्द दिला. कुणी येणार नाही म्हणालो.

त्याच दिवशी मुंबईहून एक बडे पाहुणे येणार हे मला ठाऊक होतं. तात्यांनी त्यांना आमची वाळू, आमचा सूर्यास्त आणि आमचा समुद्र देऊ केला होता. मी तात्यांना सांगितलं — मी सांगितलं, त्यांनी विचारलं नव्हतं — की त्या दिवशी खरी हाक आहे. पाहुण्यांना सुरूच्या बनात, झाडांआड, गपचूप बसवू. बायांना कळायचं नाही.

इथपर्यंत झालं ते नीचपणाचंच, पण असं करणारे पुष्कळ असतात. पुढचं सांगतो.

बायांच्या खडकाच्या पोटात, पाण्याच्या अंगाला, एक घळ होती. पूर्ण ओहोटीलाच आत शिरता येई, वाकून. मला ती कशी माहीत? मी तिथे विडी ओढायला जात असे. पोरांना तंबाखूचे दुष्परिणाम शिकवणाऱ्या मास्तराला निवांत जागा लागते, आणि जिथे पुरुष जात नाहीत तिथे मला कोण बघणार? त्या घळीत बोललेलं बाहेर कसं ऐकू येतं, तेही मी एकदा अजमावलं होतं. एका पोराला पोहायच्या निमित्ताने लांब धाडून. तो म्हणाला, गुरुजी, तुमी पाण्यातून बोलल्यागत वाटलं. तेव्हा नुसती गंमत म्हणून. पण गंमत कुठेतरी जपून ठेवलेली असते.

त्या संध्याकाळी पाहुण्यांना बनात बसवलं. मी रस्त्यावर गाड्यांपाशी थांबतो, कुणी भोंगा वाजवायला नको, असं तात्यांना सांगून निघालो. आणि वळसा घालून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, त्या घळीत जाऊन बसलो.

का? — मी स्वतःला हे इतक्यांदा विचारलंय की प्रश्न गुळगुळीत झालाय. माझी ओळ खरी व्हावी म्हणून. एवढंच सापडतं. दुसरं काही मोठं, काळंकभिन्न कारण सापडलं असतं तर बरं झालं असतं.

आत कुजक्या शेवाळाचा वास होता. बसता बसता खडकाला चिकटलेली कालवं तळहाताला लागली, रक्त आलं. समोर पाण्याचा एक तुकडा दिसत होता, पाटीच्या रंगाचा. लाट नव्हती. इतकी शांत ओहोटी मी तिथे पुन्हा पाहिली नाही. आजूबाजूचा उघडा खडक बारीक बारीक कुरकुरत होता, हजारो तोंडं एकदम मिटावीत तसा. मग डोक्यावर पावलं आली. पुष्कळ पावलं, अनवाणी. बांगड्यांचा आवाज. मग तोही थांबला.

मला वाटलं होतं ती ओरडेल. ती ओरडली नाही. जेवायला वाढलंय हे शेजारच्या घरात बसलेल्या माणसाला सांगावं, तशी तिने हाक मारली.

“काशिनाथ.”

काही नाही. खडक कुरकुरत राहिला.

“काशिनाथ.”

अजून वेळ होता. मी विडी विझवल्यासारखा श्वास विझवून बसून राहू शकलो असतो. अंधारात एक माणूस गप्प बसला, एवढ्यावर भागलं असतं. त्या पाण्याच्या तुकड्याकडे बघत मी ते सगळं नीट, स्पष्ट समजून घेतलं. मला समजत नव्हतं असं नाही.

“काशिनाथ.”

“ओ,” मी म्हणालो.

फार मोठ्याने नाही. चांगली जमली ती. पाण्यातून आल्यासारखी.

आणि मग — आणखी एक आली.

माझ्या नंतर, चार-पाच श्वासांनी. लांबून, जिथे त्या वेळी होडी नव्हती, खडक नव्हता, नुसतं सपाट पाणी होतं, तिथून. माझ्यासारखी सुबक नाही. थकलेली, जरा वैतागलेली, कामात असलेल्या माणसाने द्यावी तशी ओ, आणि तिला मागे एक छोटंसं शेपूट होतं, ‘गे’सारखं काहीतरी. ओ गे.

त्या घळीला प्रतिध्वनी नव्हता. मी पूर्वी ओरडून पाहिलं होतं. नंतरही पाहिलं, दिवसाढवळ्या, ओहोटी बघून, दहा-दहा वेळा. आवाज बाहेर जातो आणि जातो.

वर कुणी हललं नाही. धर्मीबायने “गेला” म्हटलं नाही. आणि त्या शांततेत लांब सुरूच्या बनातून टाळ्या वाजल्या.

मी गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिलो. वरची पावलं परत निघाली, घाईने, पण ठरल्याप्रमाणे, मागे न बघता. पळावंसं वाटणाऱ्या माणसांनी चालावं तशी. एक जोडी मात्र गेली नाही. ती माझ्या डोक्यावर उभी होती. किती वेळ, सांगता येत नाही. भरती लागली, पाणी माझ्या घोट्याला आलं, मांडीला आलं, तरी वरची पावलं जाईनात आणि मला बाहेर पडता येईना. तिला एक माणूस त्या पाण्यातून येताना दिसला असता, तर? मी कमरेएवढ्या पाण्यात अंधारात बसून होतो, आणि खरं सांगतो, भीती पाण्याची नव्हती. लांबून कुणीतरी खडकाकडे यायला निघालंय, आणि त्याला आधी मी भेटणार, अशी ती भीती होती.

शेवटी ती गेली. मी बाहेर आलो. बडे पाहुणे खूश होऊन गेले होते.

आठवड्याने जानकी शाळेत आली. पोरं सुटली होती. दारातच उभी राहिली. बांगड्या हातात तशाच.

“मास्तर, तुमाला येक इचारू?”

“विचार.”

“त्या दिवशी दोन ओ आल्या. बाकीच्या म्हनतात येकच, पन दोन. पयली जवळून. ती त्यांची नव्हती, मला लगेच कळलं. ते असं देत नव्हते. ते ‘ओ गे’ म्हनायचे. दुसरी तशी आली. पयली कुनाची होती?”

मी वह्यांची चळत सरळ करू लागलो.

“पयली मानसाची असंल,” ती म्हणाली, “तर दुसरी पन माजाच भास. मी मन लावून ऐकत होते, आली असंल कानात. मंग ती हाक हाकच नाय. येत्या आवसंला परत मारीन आन मोकळी होईन. दामू थांबलाय. पन पयली समुद्राची असंल तर मला बसायला पायजे. म्हनून इचारते. कुनीतरी तोंडानं सांगितल्याबिगर मला काय करता येत नाय.”

माझा हात टेबलावर होता, पट्टी बांधलेला. तिने तिकडे पाहिलं. मासळीवाल्यांच्या घरात जन्मलेलं माणूस कालवांची जखम झाकलेली असली तरी ओळखतं.

“कालवं लागली काय, मास्तर?”

“खडूच्या डब्याचा पत्रा,” मी म्हणालो.

ती उभीच राहिली. तिने मला वेळ दिला — हे मला नंतर कळलं असं म्हणणार होतो, पण नाही, तेव्हाच कळलं. तिला माहीत होतं. तिला फक्त ते माझ्या तोंडून हवं होतं, कारण त्यांच्यात गोष्ट तोंडाने बोलली की मगच होते. नवऱ्याचं मरणसुद्धा.

मी म्हणालो, “मी तेव्हा रस्त्यावर होतो, गाड्यांपाशी. तात्यांना विचार.” आणि तेवढ्यावर न थांबता, मी — ज्याने जन्मभर बुवाबाजीची टर उडवली — पुढे म्हणालो, “जानकी, जगात पुष्कळ गोष्टी अशा आहेत की त्या शिकलेल्यांनाही कळत नाहीत.”

तिने मान हलवली. “बरं,” म्हणाली, आणि गेली.

यापुढचं सगळं त्या ‘बरं’मधून आलं. दामूने दोन पावसाळे वाट पाहिली आणि दुसरीकडे पाट लावला. जानकी वस्तीतच राहिली. सवाशीण नाही, विधवा नाही. तिला हळदीकुंकवाला कुणी बोलवेना आणि तिला कुणी टाळेही ना, नुसते बाजूला सरत. पाहुणे मात्र वाढले. आता त्यांना खडक नको होता, ‘समुद्राने जिला ओ दिली ती बाई’ हवी होती. तात्यांनी तिच्या अंगणात खुर्ची ठेवली. लोक फोटो काढत. एकाने तिला समुद्राकडे बघायला सांगितलं, उजेड चांगला होता म्हणून. तिने बघितलं. पुढे तिने घराचं समुद्राकडचं दार लिंपून बंद केलं, तर तात्यांनी मंडळाच्या सभेत तक्रार केली की पाहुण्यांचा विरस होतो. ती तक्रार कार्यवृत्तात लिहून घेतली कुणी? चिटणिसाने.

आणि आणखी एक झालं, जे कुणाच्या लवकर लक्षात आलं नाही. बायांनी हाक मारणं थांबवलं. पुढच्या वर्षी एका होडीबरोबर दोघे गेले, तेव्हा त्यांच्या बायका खडकावर गेल्याच नाहीत. ओ आली तर? आता ती येऊ शकत होती. एकीच्या बांगड्या सासऱ्याने फोडल्या, त्याला वाटलं त्या दिवशी. दुसरीच्या जातीतल्या पाच जणांनी दिवस ठरवून. जी एक गोष्ट त्यांची होती ती पुरुषांकडे गेली, आणि उरलेली रविवारी पाहुण्यांकडे. चार पोरी बनावट नावाने ओरडत राहिल्या. धर्मीबाय त्याच हिवाळ्यात गेली. तरणी माणसं होड्या विकून सालवडला खोल्या घेऊन राहू लागली, कामावर जायला बरं म्हणून. विचारलं तर म्हणत, “काय हाय तिथं? ती जागा आता पावण्यांची.” ज्या लोकांनी वादळात घरं सोडली नव्हती, ते हे अगदी सहज म्हणत.

माझी बदली झाली. मंडळाने कमानीखाली माझा सत्कार केला. हार सुरेख होता. तात्या म्हणाले, या माणसाने आपल्या गावाला आवाज दिला. त्या सबंध भाषणात मला थट्टेसारखं काही सापडलं नाही.

निघायच्या संध्याकाळी — अमावास्या नव्हती — मी तिला शेवटचं पाहिलं. बायांच्या खडकाच्या टोकाशी ती बसली होती, भरतीच्या पाण्यात पाय सोडून. हाक मारत नव्हती. ऐकत होती. मान जराशी कलती, आपण दुसऱ्या खोलीतल्या माणसाकडे कान देतो तशी. मी लांबूनच वळलो. वळल्यावर मागून तिचा आवाज आला, हलका, संसारी. घरातल्या माणसाला काहीतरी सांगत असल्यासारखा. मग ती थांबली, जितकं उत्तराला थांबावं तितकी. मग पुन्हा बोलली. मधल्या त्या थांबण्यात मला काही ऐकू आलं का?

इतकी वर्षं मी त्या प्रश्नाचा उपयोग केला. तो मला फार उपयोगी पडला. कुणी सांगावं, दुसरी ओ खरीच त्याची असेल. मग मी तिला ‘मोकळी हो’ म्हटलं असतं तर ते खोटं नसतं का झालं? असं मी स्वतःशी बोलत आलो, चांगल्या भाषेत. दुसरी ओ कुणाची, ते मला आजही माहीत नाही. पण जानकीने मला दुसरी विचारलीच नव्हती. दुसरीच्या आड मी पहिली लपवली.

ती आहे की नाही, ठाऊक नाही. मी चौकशी केलेली नाही. तिला माझ्याकडून चार शब्द हवे होते, शाळेच्या दारात, दिवसाउजेडी, तोंडाने बोललेले. ते असे:

पहिली ओ माझी होती.